सुरीनामचं सोनं

ही व्याख्यानं ऐकणारे तुम्ही इंदूर-बडोद्याचे, हैदराबाद-बेळगावचे, कोणी कोलकात्याचे. आजची गोष्ट तशी सगळ्यांचीच आहे, पण तिचं एक टोक कोलकात्याला बांधलेलं आहे, ते पुढे येईलच. सुरुवात मात्र सोलपासून करू.

सोल ऑलिंपिक, १९८८. भारताची लोकसंख्या तेव्हा ऐंशी कोटींच्या पुढे गेलेली, आणि आपण परत आलो ते रिकाम्या हातानं. १९८४ ला शून्य, १९८८ ला शून्य, १९९२ लाही शून्य. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवलेलं कुस्तीचं कांस्य हेच स्वतंत्र भारताचं एकमेव वैयक्तिक पदक होतं, आणि लिअँडर पेसनं १९९६ मध्ये दुसरं आणेपर्यंत तेच राहिलं. त्याच सोलमध्ये, २१ सप्टेंबरला, शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत सुरीनाम नावाच्या देशाच्या एका वीस वर्षांच्या मुलानं सुवर्णपदक जिंकलं. सुरीनामची लोकसंख्या तेव्हा सुमारे चार लाख. आपल्याकडे एखाद्या मध्यम शहराची असते तेवढी. देशात ऑलिंपिक लांबीचा, म्हणजे पन्नास मीटरचा, पोहण्याचा तलाव एकच होता.

त्या मुलाचं नाव अँथनी नेस्टी.

आता तुम्ही म्हणाल, हा देश आहे तरी कुठं? पुष्कळांना तो आफ्रिकेत वाटतो. तो आहे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, ब्राझीलच्या डोक्यावर, गयाना आणि फ्रेंच गियाना यांच्या मधोमध. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त, पण नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल. माणसं राहतात ती किनारपट्टीवर आणि त्यातही मुख्यतः राजधानी पारामारिबोत. बोलायची सरकारी भाषा डच. कारण १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी हा मुलूख डचांकडे राहू दिला आणि बदल्यात डचांनी न्यू ॲमस्टरडॅमवरचा हक्क सोडला. ते न्यू ॲमस्टरडॅम म्हणजे आजचं न्यूयॉर्क. त्या काळी डचांना हा सौदा फायद्याचाच वाटला, कारण सुरीनाममध्ये ऊस होता.

ऊस म्हटलं की राबायला माणसं लागतात. आधी आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १ जुलै १८६३ रोजी डचांनी गुलामगिरी कायद्यानं संपवली; पण लगेच नाही. पुढची दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली त्याच मळ्यांवर काम करायचं, अशी अट घातली. म्हणजे खरी सुटका १८७३ मध्ये. आणि त्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८७३ ला, 'लल्ला रूख' नावाचं जहाज कोलकात्याहून निघालं. त्यात करारानं बांधलेले हिंदुस्थानी मजूर होते. ५ जूनला ते पारामारिबोला लागलं. तारखा जुळवून पाहा, वेगळं काही सांगायला नको. १९१६ पर्यंत अशी चौतीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. त्यांच्या बोलीतून तिकडे सरनामी नावाची भाषा तयार झाली, ती आजही घराघरांत बोलतात. कोलकात्याच्या मंडळींनी गार्डन रीचला कधी सुरीनाम घाट पाहिला नसेल तर जाऊन यावं. १८९० पासून जावा बेटावरूनही मजूर आणले. म्हणून सुरीनामच्या खेळाडूंची यादी वाचली की एकाच संघात आफ्रिकी, हिंदुस्थानी, जावानी, चिनी नावं दिसतात.

नेस्टीचा जन्म खरं तर त्रिनिदादचा, २५ नोव्हेंबर १९६७ चा. तान्हा असतानाच घर सुरीनामला आलं. पुढे सुरीनाम स्वतंत्र झाला तोही २५ नोव्हेंबरलाच, १९७५ साली. म्हणजे या मुलाचा आठवा वाढदिवस हा त्याच्या देशाचा पहिला दिवस.

पण स्वातंत्र्याच्या त्या दिवसाला एक विचित्र किनार होती. झेंडा वर चढत होता आणि माणसं विमानात चढत होती. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं, १९८० पर्यंत, सुरीनामी माणसाला नेदरलँडमध्ये जाऊन राहायची सोय करारात ठेवलेली होती. त्या काही वर्षांत देशाच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेगकडे निघून गेला. शिक्षक गेले, परिचारिका गेल्या, फुटबॉल खेळणारी पोरं गेली. क्लॅरन्स सीडॉर्फ, एडगर डेव्हिड्स, ॲरन विंटर, जिमी फ्लॉइड हॅसलबाइंक ही नावं फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक असतील. चौघेही पारामारिबोत जन्मले आणि चौघेही नारिंगी कपड्यांत नेदरलँडसाठी खेळले.

सोलच्या आधी जेमतेम तीन महिने, २५ जून १९८८ ला, म्युनिकमध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. नेदरलँडनं सोव्हिएत संघाला २-० नं हरवलं. दुसरा गोल मार्को व्हॅन बास्टनचा, तो लोक अजून दाखवतात. पहिला गोल रूड गुलिटचा. गुलिट त्या संघाचा कर्णधार, त्याचे वडील सुरीनामचे. बचावफळीतला फ्रँक रायकार्ड, त्याचेही वडील सुरीनामचे. पारामारिबोत त्या रात्री लोकांनी आनंद केला असेल तर त्यात नवल नाही, पण करंडक गेला ॲमस्टरडॅमला. पूर्वीच्या मालकाच्या घरात. हे मी कडवटपणानं म्हणत नाही. गुलिट जन्मानं ॲमस्टरडॅमचाच, त्याला दुसऱ्या देशाकडून खेळ म्हणणारे आपण कोण? पण छोट्या देशाच्या नजरेतून हिशोब मांडायचा तर तो असाच मांडावा लागतो.

आणि घरी काय चाललं होतं? २५ फेब्रुवारी १९८० ला देसी बाउटर्स नावाच्या सार्जंटनं आपल्या सोबत्यांसह सरकार उलथवलं. ८ डिसेंबर १९८२ ला फोर्ट झीलांडिया या जुन्या किल्ल्यात लष्करानं पंधरा विरोधकांना गोळ्या घातल्या. त्यांत वकील होते, पत्रकार होते, प्राध्यापक होते. नेदरलँडनं मदत थांबवली. १९८६ पासून पूर्वेकडच्या जंगलात यादवी युद्ध पेटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोइवाना गावात लष्करानं बायकामुलांसह गावकऱ्यांची कत्तल केली. १९८८ च्या जानेवारीत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आले, त्यांचं नाव रामसेवक शंकर. पण युद्ध चालूच होतं. सोलच्या उद्घाटनाला सुरीनामचा झेंडा घेऊन चाललेली मूठभर माणसं असल्या घरातून आली होती.

आता थोडं या मूठभर माणसांच्या हजेरीबद्दल. ऑलिंपिकमध्ये दोनशेच्या आसपास देश येतात आणि त्यांतले बरेचसे पदकासाठी येत नाहीत. धावणं आणि पोहणं या दोन खेळांत छोट्या देशांना पात्रतेची वेळ न गाठताही एखाददुसरा खेळाडू पाठवता येतो. त्यातूनच २००० मध्ये सिडनीला इक्वेटोरियल गिनीचा एरिक मूसांबानी आला. शंभर मीटर पोहायला त्याला एक मिनिट बावन्न सेकंद लागले, आणि जगभर त्याचं कौतुक झालं. त्या कौतुकात थोडी दयाही होती, हे आपण मान्य करू. छोट्या देशांच्या खेळाडूंना जग दोनच भूमिका देतं: एक तर गोड पराभूत, नाहीतर चमत्कार. तासन् तास सराव करून, तंत्र घोटून, स्वतःच्या हिशोबानं जिंकायला आलेला माणूस त्यात बसत नाही.

नेस्टी तसा होता. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, सोळाव्या वर्षी, तो याच प्रकारात एकविसावा आला होता. त्यानंतर घरच्यांनी त्याला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या बोल्स शाळेत पाठवलं. तिथं ग्रेग ट्रॉय नावाचे प्रशिक्षक होते. म्हणजे सुरीनामच्या एकुलत्या एक तलावात घडलेला पोहणारा असं जे नेहमी सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. पाया पारामारिबोचा, पण वरची बांधणी अमेरिकेतली.

सोलमध्ये सगळ्यांच्या नजरा मॅट बिओंडीवर होत्या. साडेसहा फुटांहून उंच कॅलिफोर्नियाचा जलतरणपटू. मार्क स्पिट्झनं १९७२ ला सात सुवर्णपदकं मिळवली होती; बिओंडीही सात शर्यतींत उतरणार होता, त्यामुळे वर्तमानपत्रांनी त्याच्या गळ्यात आधीच सात पदकं घालून टाकली होती. दोनशे मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याला कांस्य मिळालं. मग ही बटरफ्लाय. शेजारच्या मार्गिकांमध्ये १९८४ चा विजेता, पश्चिम जर्मनीचा मिखाएल ग्रॉसही होता.

बिओंडीनं पहिले पन्नास मीटर सगळ्यांच्या पुढे मारले. शेवटच्या दहा मीटरपर्यंत तोच पुढे होता. आता बटरफ्लायमध्ये एक गंमत असते. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकायचे, त्यामुळे भिंतीपाशी पोचताना तुमचा हात नेमका कुठल्या क्षणी पुढे पडतो याला फार महत्त्व. फ्रीस्टाइलमध्ये एक हात लवकर ओढून सावरता येतं, इथं नाही. बिओंडी भिंतीजवळ आला तेव्हा त्याचा हातोटा संपला होता आणि भिंत मात्र थोडी लांब होती. आणखी एक हात मारायचा तर जागा कमी, न मारायचा तर अंतर जास्त. त्यानं न मारायचं ठरवलं आणि हात पुढे करून तसाच घसरत गेला. पलीकडे नेस्टीचा शेवटचा हात बरोबर भिंतीवर पडला.

फलकावर आकडे आले. नेस्टी ५३.००. बिओंडी ५३.०१.

शंभर मीटरला त्रेपन्न सेकंद, म्हणजे एका शतांश सेकंदात सरासरीनं जेमतेम दोन सेंटिमीटर. नखापासून पहिल्या पेराएवढं. याहून बारीक मोजमाप करायची यंत्रं होती, पण वापरायची नाहीत असं ठरलेलं होतं. म्युनिकला १९७२ मध्ये चारशे मीटर मेडलीचा निकाल एका सेकंदाच्या दोन सहस्रांशानं लावला गेला. नंतर लोकांच्या लक्षात आलं की तलावाच्या मार्गिका तेवढ्या अचूक बांधलेल्याच नसतात. भिंतीवर सिमेंटचा थर जरा जाड झाला तरी तेवढा फरक पडतो. म्हणून पुढे शतांशावरच थांबायचं ठरलं. नेस्टीचा विजय असा नियमानं मान्य होणाऱ्या सर्वांत छोट्या फरकाचा होता.

बिओंडीबद्दल एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. त्यानं सोलमध्ये एकूण पाच सुवर्णं, एक रौप्य, एक कांस्य जिंकलं. याला अपयश म्हणणारे लोक होते, यावरून त्या काळच्या वर्तमानपत्रांची कल्पना यावी.

नेस्टी पोहण्यात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. हे वाक्य आज सहज वाचून पुढे जाऊ नये. जेमतेम दीड वर्षापूर्वी, एप्रिल १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या एका बड्या पदाधिकाऱ्यानं टीव्हीवर म्हटलं होतं की काळे लोक चांगले पोहणारे नसतात, कारण त्यांचं अंग पाण्यावर नीट तरंगत नाही. त्याची नोकरी गेली, पण तो जे बोलला ते मानणारे पुष्कळ होते. अमेरिकेत कित्येक दशकं सार्वजनिक तलावांत काळ्यांना प्रवेश नव्हता. ज्याला पाण्यात उतरूच दिलं नाही त्याला पोहता येत नाही असं म्हणायचं, हा युक्तिवाद आपल्या देशातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. महाडचं तळं आपल्याला माहीत आहे.

नेस्टीच्या आधी एनिथ ब्रिगिता होती, तिचंही नाव घ्यायला हवं. कुरासाओ या डच बेटावर जन्मलेली. १९७६ ला माँट्रियलमध्ये नेदरलँडकडून तिनं दोन कांस्यपदकं मिळवली. तिच्या पुढे पूर्व जर्मनीच्या मुली होत्या, आणि पूर्व जर्मनीत मुलींना सरकारी योजनेनं कोणती औषधं दिली जात होती ते नंतर जगासमोर आलंच.

सुरीनामनं नेस्टीला डोक्यावर घेतलं. टपाल तिकीट निघालं, सोन्या-चांदीची नाणी निघाली, पंचवीस गिल्डरच्या नोटेवर तो आला. पारामारिबोतल्या क्रीडागृहाला त्याचं नाव मिळालं. आणि सुरीनाम एअरवेजनं आपल्या एका डीसी-८ विमानाला 'अँथनी नेस्टी' असं नाव दिलं.

त्या विमानाची गोष्ट सांगताना मला दर वेळी थांबावं लागतं. ७ जून १९८९, म्हणजे सोलला वर्षही झालेलं नव्हतं. ॲमस्टरडॅमहून निघालेलं 'अँथनी नेस्टी' पारामारिबोजवळच्या झांडेराई विमानतळावर उतरायला आलं. धुकं होतं. वैमानिकांनी भरवशाच्या नसलेल्या यंत्रणेवर विसंबून विमान फार खाली आणलं. ते झाडांना अडकलं आणि पडलं. १८७ जण होते, त्यांतले १७६ गेले. त्या विमानात 'कलरफुल इलेव्हन' नावाचा फुटबॉल संघ होता: नेदरलँडमधल्या क्लबांकडून खेळणारी सुरीनामी वंशाची तरुण पोरं, जी हंगाम संपल्यावर वाडवडलांच्या देशात मैत्रीचे सामने खेळायला निघाली होती. काही मोठ्या क्लबांनी आपल्या खेळाडूंना परवानगी नाकारली होती. गुलिट त्या विमानात नव्हता. जे होते त्यांतले बहुतेक गेले. निघून गेलेल्यांची मुलं परत येत होती, आणि ती राहिलेल्याच्या नावाच्या विमानातून येत होती. यावर मी अधिक काही बोलणार नाही.

नेस्टी पोहत राहिला. १९९१ ला पर्थमध्ये जागतिक अजिंक्यपद, १९९२ ला बार्सिलोनात कांस्य. ही दोन ऑलिंपिक पदकं, एवढंच सुरीनामचं आजवरचं खातं. तिसरं आलेलं नाही.

तुम्ही विचाराल, मग बाकीच्यांचं काय? त्यांतला पहिला माणूस मला नेस्टीइतकाच महत्त्वाचा वाटतो. विम एसायास. रोम, १९६०. सुरीनाम तेव्हा डच राज्याचा स्वायत्त भाग होता, पण ऑलिंपिकला स्वतःच्या नावानं पहिल्यांदाच येत होता. अख्ख्या देशाचा एकच खेळाडू, आठशे मीटर धावणारा एसायास. त्याची प्राथमिक फेरी सकाळी होती आणि तो मैदानावर आलाच नाही. दुपारी आला तेव्हा फेरी संपून गेली होती. बातमी पसरली की सुरीनामचा पहिला ऑलिंपियन झोपून राहिला. न धावताच तो घरी परतला, आणि सुरीनाम पुढे धावला तो थेट १९६८ ला.

झोपून राहिला, हे पुढची चाळीसपेक्षा जास्त वर्षं गमतीच्या किश्शांत छापलं गेलं. विचार करा, मोठ्या देशाच्या संघात एका खेळाडूच्या वेळापत्रकावर दहा जणांचं लक्ष असतं: प्रशिक्षक, व्यवस्थापक, सोबतचे धावपटू, दूतावासाचा माणूस. एका खेळाडूच्या संघात एक अधिकारी असतो, आणि तो म्हणाला दुपारी, की दुपारी. २००५ मध्ये सुरीनामच्या ऑलिंपिक समितीनं जुनी प्रकरणं तपासली आणि निष्पन्न हेच झालं. फेरी दुपारी आहे असं त्याला संघाच्या अधिकाऱ्यानंच सांगितलं होतं. समितीनं त्याला माफीचं पत्र दिलं आणि देशाचा पहिला ऑलिंपियन म्हणून सन्मानफलक दिला. पंचेचाळीस वर्षांनी. त्यानंतर दोनच आठवड्यांत एसायास वारला.

आणि लेटिशिया व्रिस्डे. तिचाही प्रकार आठशे मीटरच. १९८८ ते २००४, सलग पाच ऑलिंपिक. पदक एकदाही नाही. पण १९९५ ला गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत रौप्य, २००१ ला एडमंटनला कांस्य. २००३ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं आणि तपासणीत कॅफीन प्रमाणाबाहेर निघालं म्हणून ते काढून घेतलं गेलं. कॅफीन म्हणजे कॉफीतलं. पुढच्याच जानेवारीत, २००४ च्या यादीतून, कॅफीनवरची बंदी उठली. पदक परत मिळालं नाही. नियम तेव्हाचा तेव्हा, हे मलाही मान्य आहे. पण ज्या देशाच्या कपाटात एवढी कमी पदकं आहेत त्याला हा निकाल किती जड गेला असेल, ते आपण समजू शकतो.

फुटबॉलमध्ये मात्र सुरीनामनं अलीकडे एक व्यवहारी वाट काढली. २०१९ मध्ये 'क्रीडा पासपोर्ट'ची सोय झाली: नागरिकत्व डच असलं तरी सुरीनामी वंशाच्या खेळाडूला देशाकडून खेळता यावं. नेदरलँडच्या मैदानांत वाढलेली मुलं आता पारामारिबोसाठी उतरतात. मला ही कल्पना आवडते. परमुलखात तीन पिढ्या काढलेल्या माणसाचं मूळ गावाशी नातं काय, हा प्रश्न बडोद्याच्या किंवा तंजावरच्या मराठी माणसाला नवा नाही, आणि कागद बदलून तो सुटतोच असंही नाही. पण निदान खेळायला तरी मिळतं.

नेस्टीचं पुढे काय झालं? तो फ्लोरिडा विद्यापीठात प्रशिक्षक झाला, वर्षानुवर्षं साहाय्यक राहिला, २०१८ मध्ये मुख्य झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. या पदावर आलेला पहिला कृष्णवर्णीय. ज्या संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला त्यानं दोन सेंटिमीटरनं हरवलं होतं, तोच हा संघ. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या पुरुषांना वैयक्तिक सुवर्ण एकच मिळालं, पंधराशे मीटरमध्ये, जागतिक विक्रमासह. तो बॉबी फिंक, आणि तो तेव्हा सराव करत होता नेस्टीच्याच हाताखाली, फ्लोरिडात.